पेशीतील सक्रिय जनुके किती? आरएनए सिक्वेन्सिंगच्या मोजणीचा एक अभ्यास

गेल्या वर्षी आमच्या शाखेच्या मासिक अभ्यासमंडळात प्रस्तुत लेखकाने एका रसायनकल्पावर व्याख्यान दिले. ओघात, कंपनीच्या प्रतिनिधीने आणून दिलेल्या माहितीपत्रकातील एक विधान मी जसेच्या तसे सांगितले. सदर औषधाच्या संपर्काने यकृतपेशींतील काही हजार निद्रिस्त जनुके सक्रिय होतात, असे ते विधान होते. 'आरएनए सिक्वेन्सिंगद्वारे सिद्ध' असा शिक्काही त्याखाली होता. सभेत समाधानाची कुजबुज झाली. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका सहकारी वैद्यांची कन्या उभी राहिली. ती जैवतंत्रज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. तिने नम्रपणे विचारले, "काका, सक्रिय म्हणजे किती आरएनए सापडल्यावर? मर्यादा कोणती धरली होती?"

मजजवळ उत्तर नव्हते. मर्यादा नावाची काही गोष्ट असते, हेही ठाऊक नव्हते. बीएएमएसच्या अभ्यासक्रमात आम्ही शिकलो तेव्हा हे तंत्रच अस्तित्वात नव्हते, ही सबब तेवढ्यापुरती खरी असली तरी व्यासपीठावरून विधान करणाऱ्यास ती शोभत नाही. त्यानंतर काही महिने या विषयाचे वाचन केले. ती विद्यार्थिनी या कामी माझी शिक्षिका झाली. आज आयुर्वेदीय औषधांच्या माहितीपत्रकांतून, परिषदांतून व प्रबंधांतून जनुकांचे आकडे वारंवार समोर येतात, आणि आपण वैद्य व औषधविक्रेते ते रुग्णांपर्यंत पोहोचवितो. म्हणून हा विषय येथे मुळापासून मांडीत आहे.

एकूण जनुके व त्यांपैकी जागी

मानवी शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसते, असे काही अपवाद सोडल्यास यकृताची पेशी आणि मज्जापेशी यांच्याजवळ ग्रंथ एकच, परंतु प्रत्येकीने उघडलेली पाने निराळी. जनुक वाचले गेले म्हणजे त्याची आरएनएरूपी प्रत निघते. त्या प्रतीवरून, सर्वसाधारणपणे, प्रथिन तयार होते. तेव्हा पेशीत कोणत्या जनुकाच्या प्रती आहेत हे पाहिले की कोणते जनुक सक्रिय आहे ते कळावे, हा सरळ तर्क आहे.

एकूण जनुकांची संख्यासुद्धा दीर्घकाळ अंदाजाचाच विषय होती. पाठ्यपुस्तके एक लाखाच्या आसपासचा आकडा देत असत. २००० साली मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा जाहीर झाला, त्याच वर्षी अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी या संख्येवर चक्क पैजा लावल्या. २००३ मध्ये पैजेचा निकाल लागला. ली रोवेन या संशोधिकेचा २५,९४७ हा अंदाज सर्वांत कमी होता, आणि तोच विजयी ठरला. त्यानंतर संख्या आणखी घटली. प्रथिने घडविणारी मानवी जनुके सुमारे १९ ते २० हजार आहेत, असे आता मानले जाते. प्रथिन न घडविणाऱ्या आरएनएची जनुके याहून वेगळी आहेत. त्यांची गणना अद्याप वादाची असल्याने प्रस्तुत लेखात ती घेतलेली नाहीत.

या १९-२० हजारांपैकी एका ऊतीत किती जागी असतात? हा प्रश्न १९७० च्या दशकातच विचारला गेला होता. त्या काळी आरएनए व त्याची पूरक साखळी एकत्र ठेवून त्या किती वेगाने जुळतात हे मोजीत. विपुल असलेल्या प्रतींना जोडीदार लवकर सापडतो, विरळ प्रतींना उशिरा. या वेगावरून निरनिराळ्या प्रतींची संख्या गणिताने काढीत. १९७६ मध्ये हेस्टी व बिशप यांनी उंदराच्या ऊतींवर असे काम करून प्रतींचे विपुल, मध्यम व विरळ असे तीन वर्ग मांडले. ऊतीत निरनिराळ्या प्रती दहा हजारांच्या पुढे असाव्यात, असे या प्रकारच्या कामातून दिसले. एकाही जनुकाचे नाव न कळता केलेला हा अंदाज आजच्या आकड्यांच्या इतका जवळ यावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

१९९५ नंतर मायक्रोअॅरे आले. काचपट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके लावायचे आणि नमुन्यातील आरएनएची चकाकणारी प्रत त्यांना चिकटते का ते पाहायचे. त्याची अडचण दुहेरी होती. जे जनुक पट्टीवर नाही ते दिसत नसे, आणि काहीही न चिकटता पट्टी थोडी चकाकतच असे. त्यामुळे विरळ जनुकांविषयी खात्रीने बोलता येत नसे.

मोजणीची रीत

२००८ मध्ये आरएनए सिक्वेन्सिंगचे पहिले मोठे प्रबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी मोर्ताझावी व सहकाऱ्यांचा उंदराचे यकृत, मेंदू व स्नायू यांवरील प्रबंध प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचा आहे. कृती थोडक्यात अशी. ऊतीतून सर्व आरएनए काढतात. त्याचा फार मोठा भाग रायबोसोमचा असतो. प्रथिनाचा संदेश नेणारा आरएनए वजनाने अवघा एक ते पाच टक्के. म्हणून संदेशवाहक आरएनए त्याच्या शेपटीवरून निवडून घेतात किंवा रायबोसोमचा आरएनए काढून टाकतात. उरलेल्याचे लहान तुकडे करून त्यांचे डीएनएत रूपांतर करतात, आणि यंत्र त्यातील कोट्यवधी तुकड्यांची अक्षरे वाचते. प्रत्येक तुकडा जनुकसंचात कोठे जुळतो ते संगणक शोधतो. मग कोणत्या जनुकावर किती तुकडे पडले, ही यादी हाती येते.

यादीतील संख्या थेट वापरता येत नाहीत. लांब जनुकाचे तुकडे अधिक पडणार, कारण ते लांब आहे. शिवाय एका नमुन्याचे २ कोटी तुकडे वाचले आणि दुसऱ्याचे ४ कोटी, तर दुसऱ्यात सर्वच आकडे फुगणार. यावर मोर्ताझावी यांच्या प्रबंधाने आरपीकेएम हे एकक रूढ केले. जनुकाच्या दर हजार अक्षरांमागे व वाचलेल्या दर दहा लाख तुकड्यांमागे किती तुकडे, असा त्याचा अर्थ. उदाहरणार्थ, २ कोटी तुकडे वाचले आहेत, जनुक २,००० अक्षरांचे आहे व त्यावर ४० तुकडे पडले. ४० ला प्रथम २ ने, नंतर २० ने भागावे. उत्तर १ आरपीकेएम. त्याच जनुकावर १२ तुकडे पडले असते तर ०.३, आणि दोनच पडले असते तर ०.०५. हे तीन आकडे पुढे लागणार आहेत. आरपीकेएमचा सुधारित अवतार म्हणजे टीपीएम. त्यात प्रत्येक नमुन्याची बेरीज दहा लाखच येते, त्यामुळे नमुन्यांची तुलना अधिक सरळ होते. अलीकडील प्रबंधांत बहुधा तेच आढळते.

प्रत्यक्ष पेशीच्या भाषेत याचा अर्थ काय? सस्तन प्राण्याच्या पेशीत संदेशवाहक आरएनएचे रेणू साधारण दोन ते साडेतीन लाख असतात. तीन लाख धरले तर पेशीमागे एक प्रत म्हणजे दहा लाखांत ३.३, अर्थात सुमारे ३.३ टीपीएम. मग ०.३ म्हणजे दहा-अकरा पेशींमागे मिळून एक प्रत! ज्या पेशीत एकूण आरएनए अधिक असतो तेथे हे गुणोत्तर बदलते, पण विरळपणाची कल्पना यावरून यावी.

उंबरठा कोठे ठेवावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाचक म्हणतील, एक जरी तुकडा सापडला तरी जनुक सक्रिय धरावे. प्रती निघाल्याशिवाय तुकडा येणार कोठून?

येथे आपल्या व्यवसायातील उदाहरण घेतो. दशमूळ भरडीचे पोते समोर आहे. त्यात द्रव्ये किती, हे मूठभर भरड काढून ओळखायचे आहे. शालपर्णी, गोक्षुर, कंटकारी लगेच सापडतील. पाटला महाग व दुर्मिळ, पुरवठादाराने हात आखडता घेतला असल्यास पहिल्या मुठीत तिचा तुकडा येणारच नाही. म्हणून एका मुठीवरून 'यात नऊच द्रव्ये' असे म्हणणे धाडसाचे. आता मुठीमागून मुठी काढीत गेलो तर पाटला सापडेल, पण तिच्याबरोबर गवताची काडी, सुतळीचा धागा, शेजारच्या पोत्यातून उडालेले हळकुंडाचे कण हेही सापडतील. त्या प्रत्येकाला द्रव्य म्हणून मोजणारा मनुष्य दशमुळात पंधरा द्रव्ये असल्याचे सांगेल. आपल्या फार्माकोपियात प्रत्येक वनस्पतिद्रव्यासाठी परकीय पदार्थाची कमाल मर्यादा दिलेली असते ती याचसाठी. थोडे परद्रव्य असणारच, हे तेथे गृहीत आहे.

आरएनएच्या मोजणीतही परद्रव्य असते. नमुन्यात राहून गेलेला डीएनए वाचला जातो. एका जनुकाचा तुकडा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जनुकावर चुकून नोंदविला जातो. यकृताच्या तुकड्यात रक्ताच्या व रक्तवाहिन्यांच्या पेशी येतात. एकाच यंत्रात वाचलेल्या शेजारच्या नमुन्याचे तुकडे इकडे येतात. आणि या सर्वांपलीकडे, पेशी स्वतःच अधूनमधून निरर्थक प्रती काढते. जेथे जनुक नाही अशा मोकळ्या जागेवरूनही थोडा आरएनए निघतो.

या शेवटच्या गोष्टीचाच उपयोग स्वीडनमधील रॅमस्कोल्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केला. त्यांचा विचार मला विलक्षण सुबोध वाटला. जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागांवर किती तुकडे पडतात, ते त्यांनी मोजले. तेथे जनुक नाही, तेव्हा जे सापडेल ते परद्रव्य समजावे. मग जनुकांवरील मोजणी व मोकळ्या जागेवरील मोजणी शेजारी ठेवून, मर्यादा हळूहळू वर नेत गेले. मर्यादा खाली असेल तर खोटी जनुके आत येतात, वर असेल तर खरी बाहेर राहतात. दोन्ही चुका समतोल होतील अशी जागा ०.३ आरपीकेएमच्या आसपास आली. वरच्या उदाहरणात १२ तुकडे म्हणजे हीच मर्यादा. दोन तुकड्यांचे जनुक तिच्या पुष्कळ खाली राहते.

त्यांना असे आढळले की सुमारे ८,००० जनुके त्यांनी पाहिलेल्या सर्वच ऊतींत सक्रिय असतात आणि बहुतेक ऊतींतील एकूण प्रतींपैकी तीन चतुर्थांश प्रती या सामायिक जनुकांच्याच असतात. चयापचय, आरएनएची घडण, प्रथिननिर्मिती ही नित्य कामे ती करतात. यकृताला यकृतपण व वृक्काला वृक्कपण देणारी जनुके त्यावरील थर होत. १९७६ चे तीन वर्ग मात्र त्यांना दिसले नाहीत. विपुलतेपासून विरळतेपर्यंतचा उतार त्यांना सलग दिसला.

दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, हेबेनस्ट्राइट व सहकाऱ्यांनी उंदराच्या टी-पेशींवर काम करून निराळे चित्र मांडले. जनुकांची विपुलता आलेखावर मांडली असता त्यांना दोन उंचवटे दिसले. मोठा उंचवटा पेशीमागे एक वा अधिक प्रती असणाऱ्या जनुकांचा, लहान उंचवटा पेशीमागे एकाहून पुष्कळ कमी प्रती असणाऱ्यांचा. त्यांनी दुसरा साक्षीदारही आणला. जनुक खरोखर कार्यरत असते तेव्हा त्याच्या आरंभीच्या भागातील हिस्टोन प्रथिनांवर विशिष्ट रासायनिक खुणा असतात. मोठ्या उंचवट्यातील जनुकांवर त्या होत्या, लहान उंचवट्यातील जनुकांवर बहुतांशी नव्हत्या. म्हणजे लहान उंचवटा हा बव्हंशी पेशीचा निरर्थक उद्गार असावा. २०१३ मध्ये हार्ट व सहकाऱ्यांनी याच धर्तीवर, मोठ्या उंचवट्याच्या आकारावरून प्रत्येक नमुन्याची मर्यादा त्या नमुन्यातूनच काढण्याची रीत दिली. सर्वांना एकच आकडा लावण्यापेक्षा ती मला अधिक न्याय्य वाटते. स्वीडनच्याच मानवी प्रथिनकोशाच्या प्रकल्पाने २०१५ मधील आपल्या प्रबंधात १ ही सुटसुटीत मर्यादा धरली.

म्हणजे ०.३ की १ की आणखी काही? अभ्यासकांत एकमत नाही आणि ते होईल असेही नाही, कारण मधल्या पट्ट्यातील जनुके खरोखरीच संदिग्ध आहेत. एक मात्र दिसते. मर्यादा समंजस ठेवली तर, पद्धत कोणतीही असो, एका ऊतीतील सक्रिय जनुकांची संख्या साधारणतः ११ ते १५ हजारांच्या दरम्यान येते. मर्यादा न ठेवता, एक तुकडा म्हणजे एक सक्रिय जनुक असे धरले, तर ती कोठवर जाईल हे केवळ किती तुकडे वाचले यावर अवलंबून राहते. प्रत्यक्ष व अनुमान या दोहोंपुरते न थांबता युक्तीलाही प्रमाण मानणाऱ्या चरकाच्या वाचकांना, हिस्टोनच्या साक्षीचे महत्त्व अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

किती खोल वाचले?

माहितीपत्रकाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून येथे थोडे थांबतो.

समजा, एकाच बाटलीतील यकृतपेशींचे दोन भाग केले. कोणालाही औषध दिलेले नाही. पहिल्या भागाचे २ कोटी तुकडे वाचले, दुसऱ्याचे ६ कोटी. नियम असा ठेवला की पाच वा अधिक तुकडे पडले तर जनुक सक्रिय. वर सांगितलेले दोन तुकड्यांचे जनुक पहिल्या भागात निष्क्रिय ठरेल. दुसऱ्या भागात त्यावर सरासरी सहा तुकडे पडतील आणि ते सक्रिय ठरेल. औषधाचा थेंबही न पडता जनुक 'जागे' झाले! विरळ जनुकांची संख्या मोठी असल्याने अशी शेकड्यांनी, प्रसंगी हजारांनी जनुके एका फटक्यात जागी करता येतात. आरपीकेएमच्या हिशेबाने पाहिले तर ते दोन्हीकडे ०.०५ च आहे. फसगत आरएनएत नाही, नियमात आहे.

यावर उपाय साधा आहे. अधिक वाचलेल्या नमुन्यातून यदृच्छेने तितकेच तुकडे उचलून दोन्ही नमुने समान करावेत आणि मग मोजावे. शिवाय तुकडे वाढवीत गेल्यावर नव्या जनुकांची भर कशी मंदावते, याचा आलेख काढावा. दोन कोटींनंतर रेषा आडवी होत असेल तर पाहणी पुरेशी झाली. चढतच असेल तर आपण उडालेले हळकुंडाचे कण वेचीत आहोत, असे समजावे.

आणखी एक खबरदारी फार सुंदर आहे. भरडीच्या पोत्यात आपण आधीच मोजून शंभर गुंजा मिसळल्या (केवळ मोजणीपुरत्या, गुंजा उपविष आहे हे येथे सांगावयास नको), तर मुठीत आलेल्या गुंजांवरून मुठीचे प्रमाण व आपल्या नजरेची चूक दोन्ही कळतील. आरएनएच्या नमुन्यातही असे ज्ञात प्रमाणातील परके आरएनए मिसळतात. मोर्ताझावी यांनी एका लहान वनस्पतीचे व एका विषाणूचे आरएनए वापरले होते. पुढे ईआरसीसी या नावाचा ९२ कृत्रिम आरएनएंचा संच प्रचारात आला. किती विरळ असेपर्यंत तो संच ओळखता आला, यावरून आपल्या दृष्टीची खालची सीमा ठरते. औषधाने पेशीतील एकूण आरएनएच वाढला वा घटला असेल तर तेही अशा संचावाचून कळत नाही, कारण यंत्र प्रमाण सांगते, परिमाण सांगत नाही.

ऊतींतही फरक आहे. यकृत व स्नायू यांत मोजक्या जनुकांच्या प्रतींनी बहुतेक जागा व्यापलेली असते. यकृतात अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांच्या प्रती इतक्या असतात की विरळ जनुकांच्या वाट्याला तुकडेच थोडे येतात. रक्तात तर हिमोग्लोबिनची दोन-तीन जनुके अर्ध्याहून अधिक तुकडे खाऊन टाकतात. म्हणून रक्ताच्या नमुन्यातून हिमोग्लोबिनचा आरएनए आधी काढून टाकण्याची प्रथा आहे, आणि तो काढला होता की नाही हे विचारावे लागते. उलट मेंदू, वृक्क व वृषण यांत जनुकांचे वैविध्य मोठे. 'यकृतापेक्षा वृषणात अधिक जनुके सक्रिय' हे विधान खरे असले तरी त्यातील काही भाग या गर्दीचा आहे, हे विसरू नये.

ऊती आणि एक पेशी

ऊतीची मोजणी ही लक्षावधी पेशींची सरासरी होय. दहा पेशींमागे एक प्रत याचे दोन अर्थ संभवतात. सर्व पेशी क्वचित एखादी प्रत काढीत असतील, किंवा दहांतील एकच निराळ्या जातीची पेशी नियमितपणे काढीत असेल. पहिल्या अर्थी जनुक बहुधा झोपलेले, दुसऱ्या अर्थी पूर्ण जागे. सरासरीतून हा भेद कळत नाही. २००९ मध्ये टांग व सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील एकट्या पेशीचा आरएनए वाचून दाखविला आणि एकपेशीय मोजणीचा मार्ग खुला झाला. मात्र एका पेशीतील आरएनए अत्यल्प असतो आणि बराचसा प्रक्रियेतच हातचा जातो. त्यामुळे एका पेशीत बहुधा काही हजारच जनुके दिसतात, आणि यादीतील शून्याचा अर्थ 'नाही' असा न घेता 'दिसले नाही' असा घ्यावा लागतो. पेशींचे प्रकार वेगळे करण्यास ही रीत उत्तम. एका पेशीत एकूण किती जनुके जागी, या प्रश्नाला मात्र तिचे थेट उत्तर भोळेपणाने स्वीकारू नये.

प्रकृतिसंशोधनाच्या संदर्भात

आपल्या सभांतून प्रकृती व जनुके यांवरील तीन अभ्यास एका दमात सांगितले जातात आणि 'वात, पित्त, कफ प्रकृतींत निरनिराळी जनुके सक्रिय असतात हे सिद्ध झाले' असा निष्कर्ष काढला जातो. मीही तो काढलेला आहे. पुण्यातील २००५ चा अभ्यास एचएलए जनुकाच्या प्रकारांचा होता. २०१५ चा, पीजीएम-१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दाखविणारा अभ्यासही डीएनएतील फरकांचा होता. दोहोंत आरएनए मोजलेलाच नाही. जनुकाचा पाठभेद वेगळा आणि जनुक जागे असणे वेगळे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील प्राशर, मुखर्जी व सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास खरोखर आरएनएचा होता, परंतु मायक्रोअॅरेवर, रक्तातील व अनेकांचे नमुने एकत्र करून केलेला. काही जनुकांच्या प्रतींचे प्रमाण प्रकृतिनिहाय कमी-अधिक असल्याचे त्यात दिसले. कमी-अधिक असणे म्हणजे सक्रिय-निष्क्रिय असणे नव्हे. या कामांचे मोल मी मुळीच कमी लेखीत नाही. त्यांनी जे म्हटलेले नाही ते आपण त्यांच्या तोंडी घालतो, एवढाच मुद्दा आहे.

माहितीपत्रकासंबंधी

हे वाचन झाल्यावर मी संबंधित कंपनीस पत्र लिहून चार गोष्टी विचारल्या. सक्रियतेची मर्यादा कोणती, दोन्ही नमुन्यांचे तुकडे किती, प्रयोग किती वेळा केला, आणि ज्ञात आरएनएचा संच मिसळला होता काय. उत्तर आले, याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. एक तुकडा पडला तरी जनुक सक्रिय धरले होते. औषध दिलेला नमुना दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक खोल वाचलेला होता. प्रयोग एकदाच झाला होता आणि संच मिसळलेला नव्हता. उत्तराबरोबर जोडलेला तक्ता त्या विद्यार्थिनीने समान तुकड्यांवर आणून ०.३ च्या मर्यादेने पुन्हा मोजला. 'जागी झालेली' जनुके जवळजवळ सर्व नाहीशी झाली. थोडी उरली, त्यांविषयी एकाच प्रयोगावरून काही म्हणता येत नाही, असे ती म्हणाली.

सदर कल्प मी ग्रंथोक्त अधिकारात पूर्वीप्रमाणेच वापरतो. त्याची उपयुक्तता या आकड्यावर कधीच अवलंबून नव्हती. पत्रक मात्र दवाखान्याच्या टेबलावरून काढले. पुढच्या मासिक सभेत माझे विधान मागे घेतले आणि ते इतिवृत्तात नोंदविण्याची विनंती केली. सभेनंतर एक औषधविक्रेते बंधू भेटले. त्यांनी ते पत्रक छापील पिशव्यांवर उतरवून घेतले होते, दोन हजार पिशव्या शिल्लक होत्या. त्यांनी विचारले, त्यांचे काय करावे? त्यांच्यापैकी काही मी विकत घेतल्या. उरलेल्यांवरील ती ओळ ते काळ्या शाईने खोडून वापरीत आहेत.